इलेक्ट्रिक गिटारचे नमुने आणि वादकाचा नादगुण : एक ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदाची पहिली तबकडी १९६८ साली लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाली आणि जानेवारी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. या वाद्यवृंदाचे गिटारवादक जिमी पेज यांची पुढील काळातील सर्वपरिचित प्रतिमा गिब्सन कंपनीच्या 'लेस पॉल' गिटारसह आहे. त्यामुळे या पहिल्या तबकडीतील दाट व भारदस्त नादही लेस पॉलचाच असावा, असा समज अनेक श्रोत्यांत दीर्घकाळ रूढ होता. वस्तुतः पेज यांनी ही तबकडी मुख्यतः फेंडर कंपनीच्या 'टेलिकास्टर' या गिटारवर वाजवली होती. १९७१ सालच्या 'स्टेअरवे टू हेवन' या गीतातील प्रसिद्ध एकलवादनही टेलिकास्टरवरचेच आहे. टेलिकास्टरचा नाद पातळ व धारदार, तर लेस पॉलचा जाड व गोलसर, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. असे असताना श्रोत्यांच्या कानांना हा फरक का जाणवला नाही, हा प्रश्न सहज उपस्थित होतो.

इलेक्ट्रिक गिटारचा नमुना बदलला की वादकाचा नादगुण खरोखर बदलतो काय, या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. नादाची उच्चनीचता, तीव्रता आणि जाती अशी तीन लक्षणे आपल्या संगीतशास्त्रात सांगितली जातात. त्यांपैकी तिसऱ्या लक्षणाला येथे 'नादगुण' म्हटले आहे. लेखाची कालमर्यादा सर्वसाधारणपणे १९३१ ते १९७८ अशी असून, प्रश्नाचे परिणाम तपासण्यापुरता त्यानंतरच्या काळाचा विचार केला आहे. प्रत्येक नमुना कोणत्या कारणासाठी घडवला गेला, ध्वनिमुद्रणांत तो कसा वापरला गेला आणि त्याच्या नादाविषयीची समजूत केव्हा रूढ झाली, या तीन गोष्टी परस्परांपासून वेगळ्या ठेवून पाहिल्या आहेत. या तिन्ही गोष्टींची सरमिसळ झाल्यानेच या विषयात बराच गोंधळ निर्माण झाला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१. नमुन्यांची निर्मिती : हेतू आणि परिणाम

तारेचे कंपन चुंबक व तारेचे वेटोळे यांच्या साहाय्याने विद्युत्-संकेतात रूपांतरित करणाऱ्या भागास 'पिकअप' म्हणतात. जॉर्ज बोशॉम्प यांनी १९३१ साली असा पिकअप बसवलेली हवाईयन पद्धतीची गिटार सिद्ध केली. ॲडॉल्फ रिकेनबॅकर यांच्या सहकार्याने १९३२ पासून तिचे उत्पादन सुरू झाले. बोशॉम्प यांनी १९३४ साली केलेल्या अर्जावर १९३७ साली एकस्व मिळाले. या गिटारचे अंग ॲल्युमिनियमचे ओतीव असून तिच्या आकारामुळे तिला 'फ्राइंग पॅन' हे नाव पडले. रंगमंचावरील दिव्यांच्या उष्णतेने धातू प्रसरण पावे आणि तारा उतरत, ही तिची मोठी अडचण होती. तिच्यानंतर बेकेलाइटची गिटार आली, त्यामागे नादाइतकाच सुरात राहण्याचाही प्रश्न होता. मुंबईत व्हॅन शिप्ले यांनी चित्रपटगीतांच्या चाली ज्या वाद्यावर ध्वनिमुद्रित केल्या, ती इलेक्ट्रिक हवाईयन गिटार याच कुळातील होय.

या पहिल्या प्रयत्नांमागील मुख्य गरज नादगुणाची नव्हती, तर आवाज ऐकू येण्याची होती. मोठ्या वाद्यवृंदात तुतारीवर्गीय वाद्यांपुढे गिटार बुडून जाई. गिब्सन कंपनीने १९३६ साली बाजारात आणलेली 'ईएस-१५०' ही पोकळ अंगाची गिटार याच गरजेतून आली. चार्ली क्रिश्चन हे १९३९ साली बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले आणि याच गिटारवर त्यांनी सॅक्सोफोनप्रमाणे एकेरी स्वरांच्या दीर्घ सुरावटी वाजवल्या. १९४२ साली वयाच्या अवघ्या २५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्या गिटारमधील पिकअप 'चार्ली क्रिश्चन पिकअप' या नावाने ओळखला जाऊ लागला. येथे वाद्याने वादकाला नाव दिले नाही, वादकाने वाद्याच्या भागाला दिले.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय करणारे लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवत नसत. त्यांनी १९५० साली भरीव अंगाची 'ब्रॉडकास्टर' ही गिटार विक्रीस आणली. ग्रेच कंपनीच्या ढोलांचे नाव याच उच्चाराचे असल्यामुळे वाद निर्माण झाला आणि १९५१ साली ती 'टेलिकास्टर' झाली. लाकडाची दांडी अंगाला चिकटवण्याऐवजी स्क्रूंनी जोडण्याची तिची पद्धत उत्पादन व दुरुस्ती सोपी व्हावी म्हणून स्वीकारली गेली. १९५४ सालच्या 'स्ट्रॅटोकास्टर'च्या अंगाला दिलेली गोलाई वादकाच्या बरगड्यांना कडा टोचू नये यासाठी होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस फेंडरने मेपल लाकडाच्या पट्टीऐवजी शिसवी पट्टी वापरण्यास सुरुवात केली. मेपलवरील रोगण झिजून पट्टी मळकट दिसे, हे त्याचे प्रमुख कारण होते. पुढे याच बदलाला 'नाद अधिक उबदार झाला' असे स्पष्टीकरण चिकटले.

गिब्सन कंपनीचा 'लेस पॉल' नमुना १९५२ साली आला. महोगनीचे अंग व त्यावर मेपलचा थर अशी त्याची रचना होती. त्या वेळी त्यात एकेरी वेटोळ्याचे पिकअप होते. विजेच्या प्रवाहामुळे अशा पिकअपमधून सतत घुमणारा आवाज येत असे. तो नाहीसा करण्यासाठी सेथ लव्हर यांनी परस्परविरुद्ध दिशांची दोन वेटोळी जोडलेला पिकअप तयार केला. १९५५ साली त्यासाठी अर्ज करण्यात आला आणि १९५९ साली एकस्व मंजूर झाले. 'हंबकर' हे त्याचे नावच घुमणे थांबवणारा असे सांगते. १९५७ पासून तो लेस पॉलवर बसवला गेला. आज ज्याला लेस पॉलचा जाड नाद म्हणतात, तो बव्हंशी या पिकअपचा परिणाम आहे. लव्हर यांचा हेतू मात्र घुमण्याचा दोष दूर करण्याचा होता.

या तपशिलांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. नमुन्यांमधील जे फरक आज नादगुणाचे मूळ म्हणून सांगितले जातात, त्यांपैकी अनेक फरक दुरुस्ती, सोय, देखणेपणा व दोषनिवारण अशा अन्य कारणांनी निर्माण झाले. त्यांना नादाचा अर्थ नंतर प्राप्त झाला.

२. फरक कोठे निर्माण होतो?

वरील विवेचनावरून नमुन्यांत फरकच नसतो असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. फरक असतो आणि त्यातील काही भाग मोजताही येतो.

पहिला घटक म्हणजे पिकअपची जागा. तार अनेक उपस्वरांसह कंप पावते. एखाद्या उपस्वराच्या निःस्पंद बिंदूखाली पिकअप असेल, तर तो उपस्वर पिकअपला जवळजवळ जाणवत नाही. घोडीजवळचा पिकअप उच्च उपस्वर अधिक पकडतो, म्हणून त्याचा नाद धारदार असतो. दांडीजवळचा पिकअप मूळ स्वराला अधिक महत्त्व देतो. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा किंचित सरकवला तरी नाद कसा पालटतो, हे आपल्या परिचयाचे आहे. तेथे उपस्वरांची निर्मिती बदलते, येथे त्यांची निवड बदलते.

दुसरा घटक वेटोळ्याचा. पिकअपचे प्रवर्तन आणि जोडतारेची धारिता यांच्या संयोगाने एका विशिष्ट कंप्रतेजवळ संकेत उचलला जातो व त्याच्या वरच्या कंप्रता झपाट्याने क्षीण होतात. स्ट्रॅटोकास्टरच्या एकेरी पिकअपपेक्षा हंबकरचे प्रवर्तन साधारणपणे बरेच अधिक असते. परिणामी हा उंचवटा खालच्या कंप्रतेवर येतो आणि नाद गोलसर वाटतो.

तिसरा घटक तारेच्या कंपनक्षम लांबीचा. फेंडरच्या या नमुन्यांत ती २५.५ इंच, तर लेस पॉलमध्ये नाममात्र २४.७५ इंच असते. तीच तार त्याच स्वरात लावली, तर लांब गिटारवर ताण सुमारे ६ टक्के अधिक येतो. हा फरक कानापेक्षा बोटांना आधी कळतो. ताण कमी असेल तर तार ओढून स्वर चढवणे सोपे जाते आणि वादक तसे अधिक वेळा करतो. म्हणजेच नमुना काही अंशी वादकाच्या सवयी बदलतो आणि त्या सवयींतून नाद बदलतो.

या तिन्ही घटकांत 'नमुना' नावाची कोणतीही अखंड वस्तू नाही, ही बाब येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. नमुना म्हणजे पिकअप, त्याची जागा, तारेची लांबी, लाकूड व आकार यांचा एक गठ्ठा होय. त्या गठ्ठ्यातील प्रत्येक घटकाचा नादातील वाटा सारखा नाही.

३. ध्वनिमुद्रणांची साक्ष

इलेक्ट्रिक गिटारचे लाकूड श्रोत्याला ऐकू येत नाही. श्रोत्याला ऐकू येतो तो लाउडस्पीकर. ही साधी गोष्ट नमुन्यांच्या चर्चेत वारंवार विसरली जाते. १९६६ सालची जॉन मेयॉल यांची 'ब्लूज ब्रेकर्स' ही तबकडी याचे उत्तम उदाहरण आहे. या तबकडीत एरिक क्लॅप्टन यांनी वाजवलेली लेस पॉल ऐकून अनेक तरुण वादकांनी त्या गिटारचा ध्यास घेतला. वास्तविक विक्री घटल्यामुळे गिब्सनने १९६१ पर्यंत त्या नमुन्याचा मूळ आकार बंद केला होता. १९५८ ते १९६० या काळातील तांबूस छटेच्या लेस पॉल दीड हजारांच्या आसपासच बनल्या होत्या. वाढती मागणी पाहून कंपनीने १९६८ साली तो आकार पुन्हा बाजारात आणला.

तथापि क्लॅप्टन यांची गिटार ज्या ॲम्प्लिफायरला जोडलेली होती, तो मार्शल कंपनीचा होता आणि स्टुडिओतही त्यांनी तो मोठ्या आवाजात लावण्याचा आग्रह धरला होता. ॲम्प्लिफायरच्या क्षमतेबाहेर संकेत गेला की लहरींचे माथे छाटले जातात. त्यातून मुळात तारेत नसलेले नवे उपस्वर निर्माण होतात आणि हळू व जोराच्या आघातांतील अंतर कमी होते. जिम मार्शल यांच्या दुकानात १९६० च्या दशकाच्या आरंभी तयार झालेला पहिला ॲम्प्लिफायर फेंडरच्या 'बेसमन' या ॲम्प्लिफायरच्या विद्युत्-मंडलावर आधारलेला होता. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या 'गिब्सनचा नाद' म्हणून ज्याचा गौरव झाला, तो प्रतिस्पर्धी फेंडरच्या विद्युत्-मंडलाच्या वंशजातून बाहेर पडलेला नाद होता.

क्लॅप्टन यांचा पुढील प्रवासही उद्बोधक आहे. १९७० च्या 'लैला' या तबकडीवर त्यांनी 'ब्राउनी' या टोपणनावाची स्ट्रॅटोकास्टर वाजवली. त्यानंतरची 'ब्लॅकी' तर त्यांनी तीन जुन्या स्ट्रॅटोकास्टरांचे निवडक भाग एकत्र करून बनवली होती. १९६६ चा आणि १९७० चा नाद एक नाही, हे निश्चित. गिटारबरोबर ॲम्प्लिफायर, सहवादक व वादनाची पद्धत हे सर्वच बदलले होते. या बदलाचे श्रेय केवळ गिटारला देणे हे अनेक कारणांपैकी सर्वांत ठळक दिसणाऱ्या कारणाला निवडणे होय. इतिहासलेखनात हा दोष अन्यत्रही आढळतो.

याच्या विरुद्ध दिशेची साक्ष बी. बी. किंग यांची. १९४९ साली आर्कान्सामधील ट्विस्ट येथे कार्यक्रम सुरू असताना आग लागली. जळत्या इमारतीत परत जाऊन त्यांनी आपली गिटार बाहेर आणली. आगीस कारणीभूत झालेल्या भांडणामागील स्त्रीचे नाव ल्युसिल असल्याचे कळल्यावर त्यांनी गिटारला ते नाव दिले. पुढे त्यांनी फेंडर कंपनीचीही गिटार वाजवली आणि अखेरीस ते गिब्सनच्या 'ईएस-३५५' या अर्धपोकळ नमुन्यावर स्थिरावले. गिटारी बदलत गेल्या तरी ल्युसिल हे नाव टिकून राहिले. मनगटाच्या झपाट्याने तार थरथरवण्याची त्यांची लकबही तशीच टिकून राहिली आणि श्रोते त्यांना ओळखत ते त्या लकबीवरून.

नमुन्यांच्या सीमा सर्वांत स्पष्टपणे पुसल्या त्या एडी व्हॅन हेलन यांनी. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वाद्यवृंदाच्या पहिल्या तबकडीवरील गिटार त्यांनी स्वतः जुळवली होती. स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराचे, किरकोळ दोषामुळे स्वस्तात मिळालेले अंग आणि त्यात घोडीजवळ गिब्सनचा हंबकर अशी ती रचना होती. ती फेंडर होती की गिब्सन, या प्रश्नाला काही अर्थ उरला नव्हता. गठ्ठा सोडता येतो व नव्याने बांधता येतो, हे या गिटारने सिद्ध केले.

अर्थात प्रतिकूल पुरावाही नोंदवला पाहिजे. १९६४ साली बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसन यांनी वाजवलेल्या रिकेनबॅकरच्या बारा तारांच्या गिटारचा किणकिणता नाद सहा तारांच्या कोणत्याही गिटारवर केवळ हाताच्या कौशल्याने काढता येणार नाही. स्ट्रॅटोकास्टरवरील तीन जागांची कळ वादक मधल्या जागी अडकवून ठेवत. त्यामुळे दोन पिकअप एकाच वेळी चालू होऊन वेगळाच नाद मिळे. फेंडरने १९७७ साली पाच जागांची कळ दिली. येथे रचनेने नाद घडवला हे खरे आहे, परंतु त्या नादाचा शोध वादकांनी लावला आणि कंपनीने त्याला नंतर मान्यता दिली.

४. समजुतीची किंमत

या प्रश्नाचे महत्त्व केवळ रसिकांच्या वादापुरते मर्यादित नाही. १९६५ साली लिओ फेंडर यांनी आपली कंपनी सीबीएस या संस्थेस १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. त्यानंतर 'सीबीएस-पूर्व' गिटारी अशी स्वतंत्र वर्गवारी संग्राहकांत निर्माण झाली. २००४ साली क्लॅप्टन यांची 'ब्लॅकी' लिलावात ९,५९,५०० डॉलरना विकली गेली. ही किंमत वादकाच्या स्मृतीची आहे हे उघड असते, म्हणून तीत फसवणूक नाही. मात्र त्याच तर्काने एखादा विद्यार्थी ऐपतीबाहेरची गिटार घेतो, तेव्हा तो नादाची किंमत मोजत असल्याची त्याची समजूत असते.

याहून गंभीर परिणाम जंगलांवर झाला आहे. ब्राझीलमधील शिसवीची एक जात अतितोडीमुळे १९९२ साली संकटग्रस्त जातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेली. तत्पूर्वीच गिटार उत्पादक मोठ्या प्रमाणावर भारतीय शिसवीकडे वळले होते. आपल्या सह्याद्रीच्या रांगांत वाढणारा शिसव हा तोच वृक्ष होय. २०११ साली अमेरिकी शासनाने गिब्सनच्या कारखान्यांवर टाकलेल्या छाप्यात भारतातून आलेले शिसवी व अबनूस लाकूड जप्त केले. २००९ साली मादागास्करच्या अबनुसावरून आधीच कारवाई झाली होती. २०१२ साली झालेल्या तडजोडीत कंपनीने ३ लाख डॉलर दंड भरला आणि भारतीय लाकूड तिला परत मिळाले. २०१७ च्या जानेवारीत शिसवीच्या संपूर्ण प्रजातीवर व्यापारनियंत्रण आले आणि तयार वाद्यांना त्यातून सूट मिळण्यास २०१९ चा नोव्हेंबर उजाडला.

ज्या लाकडासाठी इतके घडले, त्याचा नादातील वाटा किती? इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विजेविना वाजणाऱ्या सहा गिटारी एकाच आराखड्यानुसार बनवून केवळ त्यांची पाठ व बाजू वेगवेगळ्या लाकडाच्या ठेवल्या होत्या. त्यांत ब्राझिलियन व भारतीय शिसवीबरोबर स्वस्त लाकडेही होती. गिटार दिसू नये अशी व्यवस्था करून ५२ वादकांना त्या वाजवायला दिल्या असता त्यांच्या मूल्यांकनात फारसा फरक आढळला नाही. हा अभ्यास पोकळ गिटारीच्या पाठीपुरता आहे, इलेक्ट्रिक गिटारचा नाही, ही मर्यादा मान्य केली पाहिजे. परंतु जेथे लाकूडच आवाज बाहेर टाकण्यात भाग घेते तेथे फरक इतका अल्प असेल, तर भरीव अंगाच्या गिटारमध्ये शिसवीची पातळ पट्टी निर्णायक ठरते हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसा दावा करणाऱ्यांवरच येते.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. इलेक्ट्रिक गिटारच्या नमुन्यांमध्ये नादगुणाचा फरक असतो, परंतु तो मुख्यतः पिकअप, त्यांची जागा आणि तारांची संख्या व लांबी यांतून येतो. ॲम्प्लिफायर स्वच्छ असेल तेव्हा हा फरक स्पष्ट ऐकू येतो आणि ॲम्प्लिफायर क्षमतेबाहेर ताणला की तो बराच झाकला जातो. वादकाची ओळख ज्या गोष्टींवरून पटते, त्या म्हणजे आघात, तार ओढणे, थरथर व स्वरांमधील विराम या बहुतांशी हाताच्या आहेत आणि त्या एका गिटारवरून दुसऱ्या गिटारवर जातात.

नमुना व नाद यांचे जे एकास एक नाते आज सांगितले जाते, ते निर्मितीच्या काळातले नसून प्रसिद्ध ध्वनिमुद्रणांनंतर मागे जाऊन जोडलेले आहे. म्हणून संगीताच्या इतिहासाच्या अभ्यासकाने तबकडीच्या वेष्टनावर दिसणारी किंवा रंगमंचावर वाजवली गेलेली गिटार हा ध्वनिमुद्रणाचा पुरावा मानू नये. गिटार, पिकअप, ॲम्प्लिफायर आणि ध्वनिमुद्रणाची परिस्थिती या चारही गोष्टींची स्वतंत्र नोंद घ्यावी. आपल्या महाविद्यालयांत पाश्चात्त्य वाद्यांच्या अभ्यासाला आता विद्यार्थी येऊ लागले आहेत. त्यांना महागडा नमुना सुचवण्यापूर्वी हातातील गिटारीवरच आघाताची जागा बदलून पाहण्यास सांगितले, तर नादगुणाचा पहिला पाठ त्यांना विनामूल्य मिळेल. शिसवाच्या एका वृक्षाला वाढण्यास अनेक दशके लागतात, हेही त्याच पाठात सांगता येईल.